मोठ्या रस्त्यांवर सायकलला मज्जाव आहे काय?

'सायकल घेऊन या रस्त्यावर कशाला आलात?' कर्वे रस्त्यावर किंवा सातारा रस्त्यावर सायकल चालविणाऱ्यास असे खडे बोल अधूनमधून ऐकावे लागतात. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून लौकिक असलेल्या पुण्यात हा प्रश्न विचारला जावा, हे नवलच. मात्र कायदा काय सांगतो, याची कल्पना मोटारचालकांप्रमाणे पुष्कळ सायकलस्वारांनाही नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि ती चालविण्यास परवानाही लागत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मात्र 'वाहन' या व्याख्येत सायकलचा स्पष्ट समावेश करतो. त्यामुळे रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचे बंधन सायकलस्वारासही आहे. याच कायद्याच्या कलम ३३ अन्वये पोलीस आयुक्तांना सायकलींसह सर्व वाहतुकीचे नियमन करता येते. थोडक्यात, बंदी घालावयाची तर सक्षम अधिकाऱ्याचा आदेश हवा. तसा आदेश नसेल तेथे रस्ता खुला आहे. रस्ता रुंद आहे किंवा वाहने वेगाने धावतात, एवढ्यावरून सायकलला मनाई ठरत नाही.

बंदीचे ठळक उदाहरण म्हणजे २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तेथे पादचारी, दुचाकी व तीनचाकी वाहनांबरोबर सायकलींनाही प्रवेश नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग मात्र सायकलस्वारांचा नेहमीचा मार्ग आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतही बोरघाट चढून याच मार्गाने येत असे. शहरात वावरताना फलक पाहावा. लाल कडेच्या वर्तुळात सायकलचे चित्र असल्यास मनाई, निळ्या वर्तुळात असल्यास तो मार्ग सायकलींसाठी राखीव समजावा. अशा राखीव मार्गावर मोटार वाहन नेता येत नाही.

कोलकात्यात २०१३ मध्ये शंभराहून अधिक रस्त्यांवर सायकलींना बंदी घालण्यात आली आणि दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते यांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला. पुण्याने वेगळी वाट निवडली. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. परंतु सायकल मार्गावरच मोटारी उभ्या राहिल्या, तर सायकलस्वाराने मुख्य रस्त्यावर उतरण्यावाचून करायचे काय? तेथे जाण्याचा त्याचा हक्क कायद्याने शाबूत आहे. तो सुरक्षितपणे बजावता येणे मात्र इतर वाहनचालकांच्याच हाती आहे.