महाग तार, गोड आवाज?

गेल्या दिवाळीत एका मित्राच्या घरी गाणी ऐकायला गेलो होतो. त्याने ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत नव्या तारा आणल्या होत्या. दिसायला जाडजूड आणि चकचकीत. किंमत ऐकून मी चाटच पडलो. तेवढ्या पैशांत स्पीकरची दुसरी जोडी आली असती! त्याची नववीतली मुलगी कपाटामागे तारा बदलायला बसली. आधी जुनी तार, मग नवी. खरे सांगतो, दुसऱ्या खेपेला तबल्याचे बोल मला अधिक स्वच्छ वाटले. तसे मी बोलूनही दाखवले. तेवढ्यात कपाटामागून आवाज आला, "काका, मी तार बदललीच नव्हती!"

पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस असा कसा फसला? ते समजण्यासाठी आधी तारेचे काम पाहू.

तार स्पीकरपर्यंत विद्युत्प्रवाह पोचवते. वाटेत तिचा रोध आडवा येतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार १० मीटर, म्हणजे रोध ०.१७ ओहम. स्पीकरचा रोध ८ ओहम धरा. आता ओहमच्या नियमाने हिशेब करा. सुमारे ९८ टक्के विद्युत्दाब स्पीकरलाच मिळतो. आवाजातली घट होते जेमतेम ०.२ डेसिबल. साधारणपणे १ डेसिबलच्या आसपासचा फरक कानाला कळू लागतो.

तांब्याऐवजी चांदी वापरली तर? चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच कमी. म्हणजे ०.१७ ओहमचे ०.१६ झाले. एवढ्यासाठी केवढा खर्च!

पण म्हणून कोणतीही तार चालेल, असे मात्र समजू नका. ०.२ चौरस मिलिमीटरची बारीक तार घेतली, तर तेवढ्याच अंतराला रोध ०.८५ ओहम होतो आणि घट जवळजवळ १ डेसिबलवर जाते. शिवाय स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. त्यामुळे काही स्वर अधिक दबतात, काही कमी. हा फरक खरा आहे. तार पुरेशी जाड हवी आणि सांधे घट्ट हवेत. त्यापुढे मोजलेल्या पैशांचा आवाजाशी संबंध उरत नाही.

१९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशाच एका चाचणीची हकिकत लिहिली. कोणती तार जोडली आहे, हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. बारीक तारेचा फरक त्यांना कळू शकला. पण साधी जाड तार आणि नावाजलेली महाग तार यांतला फरक संगीत ऐकताना ओळखता आला नाही.

मग मला तबला स्वच्छ का वाटला? कारण आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही, मनानेही ऐकतो. नवी तार जोडली आहे, असे मी धरून चाललो होतो. दुसऱ्या वेळी मी अधिक लक्ष देऊन ऐकले, आणि आधी निसटलेले बारकावे सापडले. श्रेय मात्र मी तारेला दिले. मी खोटे बोललो नव्हतो. माझी पद्धत चुकीची होती.

योग्य पद्धत तुम्हीही वापरून पाहा. एका मित्राला पडद्यामागे बसवा. त्याने प्रत्येक वेळी नाणे उडवावे आणि छापा-काटा पाहून तार निवडावी. ॲम्प्लिफायर बंद करूनच तार बदलावी, आणि तिची टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. आवाजाचे बटण जागचे हलवू नये. थोडा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो! ऐकणाऱ्याने उत्तर कागदावर लिहावे. असे १० वेळा करा. पाच-सहा उत्तरे बरोबर आली, तर ती नुसत्या अंदाजानेही येतात. दहाच्या दहा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र १०२४ त १ इतकीच.

मित्राने दुसऱ्याच दिवशी त्या तारा दुकानात परत केल्या. मुलीला बक्षीस काय द्यावे, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, "तिने आपल्या दोघांनाही एक धडा शिकवला आहे. तिची फी द्या!"