अंतराळातल्या गडावर चाचे चालून आले तर?



चाचे म्हणजे समुद्रातले लुटारू. ते दुसऱ्याचे जहाज अडवतात, माल लुटतात आणि पळून जातात. चित्रांच्या गोष्टींत हल्ली अंतराळातलेही चाचे असतात. ते यानातून येतात आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एखाद्या एकाकी ठाण्यावर हल्ला करतात. आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले. निम्मी मुले म्हणाली, असे होऊ शकते. निम्मी म्हणाली, छे, शक्यच नाही! गुरुजी म्हणाले, "भांडू नका. माहिती काढा आणि भित्तिपत्रकात लिहा." ती माहिती मी पुढे देत आहे.

प्रथम हे पाहू, की असे ठाणे खरेच आहे का? हो, आहे. त्याचे नाव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते आपल्या डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पुण्याहून नागपूर याहून लांब आहे. म्हणजे हे अंतर फार नाही, पण ते सरळ वर आहे. तिकडे एस.टी. जात नाही. हे स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते. दिवसाला सुमारे १६ फेऱ्या होतात. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत माणसे राहत आहेत. एरवी सात जण असतात. जून २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला तिथे गेले आणि १८ दिवस राहिले. त्यांनी तिथे मेथी आणि मूग रुजवून पाहिले. आमची आजी हे ऐकून म्हणाली, "मग भाजी कोण खुडतंय तिथं?" भाजी करण्यासाठी नव्हे, बी कसे रुजते ते पाहण्यासाठी तो प्रयोग होता.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलांना असे ठाणे समजायला सोपे आहे. आपल्याकडे तोरणा आहे, राजगड आहे, रोहिडा आहे. गड म्हणजे उंचावरचे ठाणेच. वर माणसे थोडी असतात. पाणी टाक्यांत साठवावे लागते. धान्य खालून वर न्यावे लागते. मदत लांब असते. अंतराळ स्थानकाचेही तसेच आहे. म्हणून मी ठरवले, की गडावर शत्रू कसा येतो ते आधी बघायचे आणि मग वरच्या गडाचे काय होईल ते बघायचे.

तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर आहे. औरंगजेब बादशहाने डिसेंबर १७०३ मध्ये राजगडाला वेढा घातला. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड त्याला मिळाला. मग तो तोरण्याकडे वळला. मार्च १७०४ मध्ये त्याचे थोडे लोक रात्रीच्या अंधारात दोराच्या शिडीने गुपचूप वर चढले आणि तोरणा पडला. बादशहाने त्याला फुतुह-उल-गैब असे नाव दिले. पुढे चार वर्षांनी आपल्या लोकांनी वर चढून गड परत घेतला. यावरून काय समजते? गडावर यायला शत्रूला तीन गोष्टी लागतात. गुपचूप चढायची वाट, वर घेण्यासारखे काहीतरी, आणि नंतर राहायची किंवा पळायची सोय.

आता वरच्या गडाकडे चला.

गुपचूप चढता येईल का? मुळीच नाही. अंतराळात जायला अग्निबाण लागतो. अग्निबाण उडाला की केवढा जाळ आणि केवढा आवाज! तो लपत नाही. शिवाय स्थानक एका जागी उभे नसते. ते एका सेकंदात साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त पळते. आपण "एक" म्हणेपर्यंत ते या गावातून त्या गावात गेलेले असते. त्याला गाठायचे तर आपले यानही तेवढ्याच उंचीवर, त्याच दिशेने आणि तेवढ्याच वेगाने पळाले पाहिजे. धावत्या एस.टी.त चढायचे तर आपणही तिच्याबरोबर धावतो ना, तसेच. शुभांशु शुक्लांचे यान उडाल्यापासून स्थानकाला जोडले जाईपर्यंत सुमारे २८ तास लागले. ते तर मित्र होते. आतली माणसे त्यांची वाट बघत होती. चाच्यांना २८ तास कोण लपू देणार?

मित्रांनाही वर चढणे किती अवघड जाते याची एक खरी हकिकत आहे. पूर्वी रशियाचे, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचे, सल्यूत-७ नावाचे स्थानक होते. एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा तिथेच गेले होते. १९८५ च्या सुरुवातीला ते स्थानक बंद पडले. तेव्हा आत कोणी नव्हते. वीज गेली आणि आतले पाणी गोठून बर्फ झाले. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि विक्टर साविनिख हे दोघे त्याला वाचवायला गेले. स्थानक त्यांना काही मदत करीत नव्हते. त्यांनी हाताने यान चालवून ते अलगद जोडले. आत गेले तर कडाक्याची थंडी. अंगात गरम कपडे आणि डोक्यावर टोप्या घालून त्यांनी काम केले आणि बंद पडलेले स्थानक पुन्हा चालू केले. अशी माणसे जगात फार थोडी असतात, आणि ती लुटारू नसतात.

दुसरी गोष्ट. वर घेण्यासारखे काय आहे? आमची आजी म्हणाली, "चोर येतो घबाड असतं म्हणून. तिथं हाय काय?" आजीचे बरोबर आहे. तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना धनाचे हंडे सापडले, असे आपण चौथीच्या इतिहासात शिकतो. वरच्या गडावर हंडे नाहीत. तिथे यंत्रे आहेत, प्रयोगाच्या नळ्या आहेत, डब्यातले जेवण आहे. सगळ्यात मोलाचे म्हणजे पाणी आणि हवा. पाण्याची तर इतकी काटकसर, की घामाचे, श्वासातल्या वाफेचे आणि लघवीचेसुद्धा पाणी शुद्ध करून पुन्हा पितात. हसू नका! २०२३ मध्ये तिथे शंभरातले ९८ भाग पाणी परत मिळवून दाखवले. उन्हाळ्यात आपल्याकडे हंडा घेऊन लांब जावे लागते, त्यांना याची किंमत लगेच कळेल.

तिसरी गोष्ट, पळून कुठे जाणार? चाच्याला शेवटी खाली पृथ्वीवरच यावे लागेल. तो उतरेल तिथे त्याला धरतील. १९६७ साली देशांनी मिळून एक करार केला. त्यात असे आहे, की आकाश कोणा एकाच्या मालकीचे नाही, पण ज्या देशाने जी वस्तू वर सोडली ती त्याचीच राहते. आणि संकटात सापडलेल्या अंतराळवीराला सगळ्यांनी मदत करायची. भारतही या करारात आहे.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. चाचा कोणाला म्हणायचे, हे कोण सांगते त्यावरही असते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड आणि कोकण लागते. त्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यावा, असा त्यांचा नियम होता. परवाना नसला तर ते जहाज धरीत. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आपण त्यांना सरखेल म्हणतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, पण त्यांना कुलाबा घेता आला नाही. वर आकाशातही उद्या देशांचे भांडण झाले, तर ते एकमेकांना असेच चाचे म्हणतील. म्हणून करार असणे चांगले.

मग वर कधी कोणी तोफ नेली होती का? नेली होती! १९७४ साली सोव्हिएत संघाने सल्यूत-३ हे स्थानक सोडले. त्याच्यावर खरी तोफ बसवलेली होती. ती जागेवर घट्ट होती. नेम धरायचा म्हणजे अख्खे स्थानकच वळवावे लागे. जानेवारी १९७५ मध्ये आत कोणी माणूस नसताना ती उडवून पाहिली. ती कोणा शत्रूवर उडवली नव्हती. माणसांवर तिथे अजून कोणी तोफ डागलेली नाही.

तर मग वरच्या गडाला शत्रूच नाही का? आहे. आणि तो चाच्यांपेक्षा वाईट आहे, कारण त्याला डोळे नाहीत, कान नाहीत आणि तो शरण येत नाही. तो शत्रू म्हणजे कचरा.

जुने उपग्रह, अग्निबाणांचे तुकडे, खिळे, रंगाचे टवके असे पुष्कळ काही वर फिरत आहे. तेही स्थानकासारखेच जोरात पळते. त्या वेगाला बारीक कणसुद्धा बंदुकीच्या गोळीहून जोरात लागतो. २०१६ मध्ये धुळीएवढ्या कणाने स्थानकाच्या खिडकीच्या काचेला ७ मिलिमीटरचा टवका पडला. २०२१ मध्ये स्थानकाच्या यांत्रिक हाताला भोक पडलेले दिसले. १० फेब्रुवारी २००९ रोजी तर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि त्यांचा चुरा झाला.

या शत्रूशी कसे लढतात? इथे मला फार गंमत वाटली. राजगडाची संजीवनी माची आहे ना, तिथे चिलखती बुरूज आहेत. म्हणजे बाहेर एक भिंत, मग मोकळी जागा, मग आत दुसरी भिंत. बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी राहते. अंतराळ स्थानकालाही असेच चिलखत आहे! बाहेर पातळ पत्रा, मध्ये पोकळी, आत खरी भिंत. बाहेरून आलेला कण पत्र्याला लागला की त्याचाच भुगा होतो. तो भुगा पोकळीत पसरतो आणि आतल्या भिंतीवर त्याचा जोर कमी पडतो. ही युक्ती फ्रेड व्हिपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात सांगितली. तेव्हा कोणी माणूस आकाशात गेलाही नव्हता. आणि राजगडाचा बुरूज तर त्याच्या किती आधीचा!

पण मोठ्या तुकड्यापुढे पत्रा टिकत नाही. त्यासाठी पहारा लागतो. गडावर मेटकरी जसे वाटेवर नजर ठेवीत, तशी जमिनीवरची रडार यंत्रे तुकड्यांवर नजर ठेवतात. आपल्या इस्रोनेही यासाठी 'नेत्र' नावाचे काम हाती घेतले आहे. तुकडा जवळून जाणार असे कळले की स्थानक थोडे बाजूला सरकवतात. सरकायला वेळ नसेल तर माणसे परतीच्या यानात जाऊन बसतात आणि दारे लावून घेतात. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी असेच झाले. सातही जण आपापल्या यानात जाऊन बसले. दर दीड तासाला स्थानक त्या तुकड्यांजवळून जात होते. त्या वेळी आतल्या माणसांना काय वाटले असेल!

ते तुकडे कोठून आले होते? कोणा चाच्याने फेकले नव्हते. रशियाने आपलाच जुना उपग्रह अस्त्र मारून फोडला होता. त्याचे मोठे तुकडेच १५०० च्या वर झाले. त्या सात जणांत रशियाचीही दोन माणसे होती. म्हणजे आपण टाकलेला दगड आपल्याच घरावर आला. २००७ मध्ये चीननेही आपला उपग्रह फोडला. तो ८०० किलोमीटरहून उंच होता. तिथे हवा जवळजवळ नाही, म्हणून ते तुकडे लवकर खाली येत नाहीत. त्यांतले पुष्कळ अजून फिरत आहेत. भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी आपला एक उपग्रह फोडून पाहिला. तो सुमारे ३०० किलोमीटरवर, म्हणजे स्थानकाच्या खाली होता. त्याचे काही तुकडे वर उडाले, पण बहुतेक खाली येऊन हवेत जळून गेले.

मला वाटते, हे पायवाटेवर बाटली फोडण्यासारखे आहे. फोडणारा निघून जातो. काच तिथेच राहते. पुढे अनवाणी येणाऱ्याचा पाय कापतो. तो आपला भाऊही असेल. वरच्या वाटेनेच पावसाचे ढग बघणारे आणि फोनमध्ये रस्ता दाखवणारे उपग्रह जातात. तिथे काच फार झाली तर कोणालाच जाता येणार नाही.

म्हणून आमच्या वर्गातल्या भांडणाचे उत्तर मी असे देते. चाचे आले तर वरचा गड त्यांना लांबूनच ओळखेल. पण घरातल्यांनी केलेला कचरा ओळखायला आणि चुकवायला रात्रंदिवस जागे राहावे लागते. तोरण्यावर नि राजगडावर आता शत्रू येत नाहीत, पण बाटल्या आणि पिशव्या येतात. तिथे आपण पहारेकरी होऊ शकतो. जाताना पिशवी न्यायची आणि भरून खाली आणायची. वरच्या गडाला अशी पिशवी अजून मिळालेली नाही. ती तयार करायला शास्त्रज्ञ धडपडत आहेत. आपल्यातलाही कोणी मोठेपणी करील.

मित्रांनो, हे स्थानक आपल्या गावातूनही दिसते. त्याला दुर्बीण लागत नाही. संध्याकाळी गावात अंधार पडला तरी तोरण्याच्या माथ्यावर थोडा वेळ ऊन असते, बघितलेय ना? स्थानक तर फारच उंच. खाली रात्र झाली तरी त्याच्यावर ऊन पडते, म्हणून ते चमकते. विमानासारखे ते लुकलुकत नाही. ठळक चांदणीसारखे सरळ जाते आणि चारपाच मिनिटांत दिसेनासे होते. दिसले की लहान भावंडांना दाखवा आणि सांगा, त्या चांदणीत माणसे आहेत.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी