निकाल लांबला की पोट का दुखते?

२०२१ चा जुलै. टाकव्यात भातलावणी जोरात होती. एक आई दहावीच्या मुलीला दवाखान्यात घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, पोट दुखतंय म्हणते, जेवत नाही, रात्रभर जागी असते." तपासले; पोटात दोष नव्हता. मुलगी म्हणाली, "पेपरच झाला नाही, मग मार्क कशाचे देणार?"

तिचा राग समजण्यासारखा होता. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली होती. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या शाळेतील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे गुण धरायचे ठरले. १६ जुलैला निकाल लागला, तर संकेतस्थळ कित्येक तास बंद!

काळजीत शरीर धोक्याच्या तयारीत राहते. ॲड्रिनलीन वाढते, छाती धडधडते, पचन बिघडते, झोप उडते. म्हणजे हे दुखणे खरे असते, नाटक नव्हे. परीक्षेला अभ्यास हा उपाय आहे. वाट पाहण्याला हाती काहीच नसते, म्हणून ती जास्त छळते.

पालकांनी आधी ऐकून घ्यावे. शेजारच्या मुलाशी तुलना नको. जेवणाची, झोपेची वेळ पाळावी, हाताला काम द्यावे. झोपेची गोळी मनाने देऊ नये. ताप, उलट्या असतील तर लगेच दाखवावे. मूल गप्प झाले, जगण्याचा कंटाळा बोलू लागले, तर एकटे सोडू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

त्या मुलीला मी औषध दिले नाही. आईला म्हटले, "लावणीला बरोबर न्या, आणि तिथे मार्कांचा विषय काढू नका."