करवतीची मूठ आणि मरफ्याचे दात

करवतीविषयी बोलताना आपण पात्याविषयी बोलतो: पोलाद कोणते, इंचाला दात किती, धार किती दिवस टिकते. पण राबणाऱ्या हाताचा संबंध पात्याशी नसतो, मुठीशी असतो. बाजारातल्या स्वस्त करवतीची लाकडी मूठ बहुधा फळीतून कापलेला, कडा जेमतेम मोडलेला तुकडा असते. तासाभरात ती तळव्याला रुतू लागते. ती हाताजोगी करण्याचे हत्यार म्हणजे मरफा.

मरफा आणि कानस यांत नेहमी गल्लत होते. कानशीवर सलग तिरक्या रेघा असतात. ती मुख्यतः धातूसाठी. लाकडावर चालवली की भुसा रेघांत बसतो आणि ती बुजते. मरफ्यावर प्रत्येक दात टोच्याने सुटा उठवलेला असतो. दातांमधल्या मोकळ्या जागेतून भुसा गळून जातो आणि लाकूड भराभर उतरते.

या हत्याराचे ठाण्याशी जुने नाते आहे. ठाण्याच्या खाडीकाठी १९२५ साली लोकरीची गिरणी उभी राहिली, तीच पुढे रेमंड. याच समूहाने १९५० साली देशी कानशी बनवण्याचा उद्योग सुरू केला आणि ‘जे. के.’ हा छाप देशभरच्या हार्डवेअरच्या दुकानांत पोचला. पुढे हे काम रत्नागिरी-चिपळूणकडेही पसरले. ठाण्याची गिरणी २००९ साली बंद झाली. घोडबंदर रोडपासून जवळच्या पोखरण रोडवर आता त्या जमिनीवर मनोरे उभे राहत आहेत. मनोऱ्यांतल्या घरांना दारे, ओटे, कपाटे लागतातच. ती बसवणाऱ्या सुताराच्या हातात मात्र तीच रुतणारी मूठ असते.

मरफा निवडताना पहिली गोष्ट आकाराची. मुठीत सपाट जागा थोडी, खोलगट फार. म्हणून अर्धगोल मरफा घ्यावा: सपाट बाजू बाहेरच्या कडांना, गोल बाजू बोटांच्या खोबणीला. त्याची गोलाई खोबणीपेक्षा लहानच हवी. मोठी असली तर फक्त कडा खाल्ल्या जातात, तळ तसाच राहतो. दहा इंची मरफा या कामाला पुरतो.

दुसरी गोष्ट दातांच्या मांडणीची. यंत्राने एका ओळीत पाडलेले दात एकामागून एक त्याच चरीतून जातात आणि लाकडावर ओरखडे ठेवतात. हाताने ठोकलेल्या दातांची रांग किंचित चुकलेली असते. एकाने सोडलेला उंचवटा दुसरा खातो, पृष्ठभाग नितळ येतो. कानशी पाडण्याच्या यंत्राचे चित्र लिओनार्दो द विंचीने काढले होते. अमेरिकेत निकोल्सनचा कारखाना १८६४ साली निघाला आणि यंत्राचा माल सर्रास झाला. तरी फ्रान्समध्ये ओरिऊ आणि लिओजिए ही घराणी आजही मरफ्याचा दात हाताने ठोकतात. तो माल महाग पडतो. आपल्याकडे साध्या मरफ्याने आकार काढावा आणि त्याचे ओरखडे बारीक अर्धगोल कानशीने घालवावेत.

उरतात मुठीची दोन शिंगे आणि त्यांच्या बेचक्या. तिथे सरळ हत्यार पोचत नाही. तिथे रिफलर लागतो: दोन्ही टोके वाकवलेली, टोकांपुरतेच दात असलेली, मधल्या दांड्याला धरायची छोटी कानस. साचे बनवणारे कारागीर, चांदीकाम करणारे आणि मूर्तिकार ती वापरतात. एक गोल आणि एक चपट्या टोकाचा असे दोन रिफलर पुरेत. त्यांनी आकार काढायचा नसतो, फक्त जुळवायचा असतो. जोर दिला की खळगा पडतो.

लाकूडही पाहून घ्यावे. शिंगाला रेषा आडवी गेली असेल तर ते पहिल्याच आपटीत तुटते. म्हणून रेषा मुठीच्या लांबीने हवी. मरफा पुढे ढकलताना दाबावा, मागे आणताना उचलावा. दोन्ही बाजूंनी मध्याकडे यावे, नाहीतर पलीकडची कड उडते. काम झाले की तारेच्या ब्रशने दात झाडावेत. मरफा पेटीत इतर हत्यारांवर टाकू नये, कारण दात दातावर आपटून बोथट होतो.

मूठ झाली की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही. डोळे मिटून ती धरावी: तीन बोटे आत, तर्जनी पात्याच्या दिशेने. जिथे टोचेल तिथे पेन्सिलची खूण करावी आणि तेवढाच भाग उतरवावा. प्रत्येकाचा पंजा वेगळा. कारखान्याला ते माप ठाऊक नसते, ज्याचा त्यालाच ते घेता येते.