सरकारी नोटीस कोणत्या वाटेनें येते?

सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद धरली म्हणजे तलाठ्यानें तिची प्रत चावडीवर लावावी व हितसंबंधी मंडळींस लेखी कळवावें, असें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्यें सांगितलें आहे. हरकतीस मुदत पंधरा दिवसांची. घोलवड-बोर्डीकडील एखादा बागाईतदार मुंबईस राहतो, तलासरीच्या पाड्यावरील खातेदार कामानिमित्त बाहेरगांवीं असतो. त्यांस हा कागद वेळेवर गांठील काय, हें पाहणें अगत्याचें आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो, व डहाणू तालुक्यांतील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. म्हणजे जमिनीसंबंधीं कागद येण्याचे दिवस हे आहेत.

टपाल ही जुनी वाट. पत्ता बरोबर लिहून, हंशील भरून रजिस्टरनें धाडलेला कागद पोंचलाच असें सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चें कलम २७ धरून चालतें. पोंचला नाहीं हें शाबीत करण्याचें ओझें आपणांवर. (रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झालें आहे.) भूसंपादनाचा २०१३ चा कायदाही बाहेरगांवच्या धन्यास शेवटच्या ज्ञात पत्त्यावर टपालानें नोटीस धाडण्यास सांगतो. दप्तरांत वडिलांचा पत्ता राहिला असेल तर नोटीस त्याच बंद दारावर जाणार.

ई-मेल फुकट व वेगाची; परंतु पाठविणारानें वाटेल तें नांव धारण करावें आणि आपण फसावें, ही तिची मोठी खोड. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणें, आपण नेमून दिलेल्या पेटींत पत्र शिरलें तोच तें मिळाल्याचा क्षण. तें वाचलें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

तिसरी वाट सरकारनेंच प्रत्येकास नेमून दिलेल्या डिजिटल टपालपेटीची. डेन्मार्क देशांत १ नोव्हेंबर २०१४ पासून नागरिकांस ती सक्तीची झाली, आणि डिसेंबर २०२५ अखेर तेथील टपालसंस्थेनें घरोघर पत्रें वाटणेंच बंद केलें. येथें पाठविणारा खात्रीचा असतो, हा लाभ खरा. आपल्याकडील डिजिलॉकर (१ जुलै २०१५) नांवाप्रमाणें कपाट आहे, टपालपेटी नव्हे. त्यांत दाखले राहतात, नोटीस घेऊन कोणी दार ठोठावीत नाहीं. पेटीचें खरें रूप पाहावयाचें तर वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यांत, कलम १६९: टपाल, ई-मेल आणि संकेतस्थळावर नोटीस नुसती ठेवणें, यांपैकीं कोणतीही एक रीत पुरते. चिकूची पावडर विकणाऱ्या नोंदणीकृत बागाईतदारानें हें ध्यानीं ठेवावें. ज्या पाड्यावर मोबाईलची रेंज टेकडीवर चढल्याखेरीज मिळत नाहीं, तेथें असली बजावणी एकटीच पुरेशी मानणें आमच्या मतें अन्यायाचें आहे. जमिनीच्या बाबतींत कागदी नोटीस चालू राहिलीच पाहिजे.

तूर्त महसूल खात्याचें ‘आपली चावडी’ हें संकेतस्थळ उपयोगीं पडतें. गांव निवडलें कीं फेरफाराची नोटीस व हरकतीची शेवटली तारीख तेथें दिसते. मात्र तें आपणहून कोणास कळवीत नाहीं, म्हणून आठवड्यांतून एकदां घरच्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावें. आणि हल्लींचा पत्ता व मोबाईल नंबर तलाठ्यास अर्जानें कळवून, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोंच घ्यावी.