काळ्या मोत्याचं पाणी

ताहितीचा मोती गिऱ्हाइकासमोर ठेवला की पहिला प्रश्न रंगाचा येतो: पुरेसा काळा आहे ना? पण अगदी काळाभोर मोती या मालात फार थोडा. बाकीचे राखाडी, वांगी, पिस्त्याच्या रंगाचे, निळसर; आणि सर्वांत जास्त मागणी मोरपिशीला, म्हणजे हिरव्या अंगावर गुलाबी-जांभळी झाक असलेल्याला. पारखी मात्र आधी पाणी, म्हणजे चकाकी, बघतो. थेट ऊन नसलेल्या दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर मोती ठेवायचा आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंब शोधायचं. चौकटीच्या कडा रेखीव दिसल्या तर पाणी उत्तम. कडा विरघळल्या, दुधाळ झाल्या, तर मोती कितीही मोठा असो, तो खालच्या प्रतीचा.

हे पाणी येतं थरांतून. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतु आणि गांबिये द्वीपसमूहांच्या लगूनमध्ये पिंक्टाडा मार्गारिटिफेरा हा काळ्या काठाचा शिंपला वाढतो. कलम करणारा कारागीर त्याच्या जननग्रंथीत अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यातून कातलेला गोल मणी ठेवतो आणि त्याला लगटून दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा इवलासा तुकडा. मोत्याचा रंग मुख्यतः या तुकड्यावर ठरतो, म्हणून देणारा शिंपला निवडण्यातच अर्धी पारख होऊन जाते. पुढे साधारण दीड ते दोन वर्षं शिंपले दोरीला टांगलेले. मण्यावर ॲरागोनाइट या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे चढत जातात, आणि उजेड त्यांच्यात शिरून परततो तेव्हा मोती आतून उजळल्यासारखा दिसतो. गार पाण्यात पापुद्रे सावकाश आणि नेटके बसतात.

घाईने काढलेल्या मोत्यात हा थर पातळ राहतो, आणि वरून ते नेहमी कळतही नाही. म्हणूनच निर्यातीसाठी किमान ०.८ मिलिमीटर थराची अट तिथल्या सरकारने घातली होती आणि क्ष-किरणांनी मोती तपासले जात. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. पातळ थराचा मोती वापरून झिजतो, आणि फसलेल्या माणसाला ते वर्षांनी उमगतं.

काळ्या मोत्याला आजचा मान काही पहिल्यापासून नव्हता. जाँ-क्लोद ब्रुइये या फ्रेंच उद्योजकाने १९७५ साली दक्षिण मारुतेआ हे प्रवाळबेट विकत घेतलं आणि न्यूयॉर्कचा मोती-व्यापारी साल्वादोर असाएल याला काळ्या मोत्यांच्या धंद्यात सोबत घेतलं. पहिला माल कुणी हुंगला नाही. असाएलने तो पडेल भावात फुंकून टाकला नाही. त्याहून सरस पीक येईपर्यंत थांबला आणि मग हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या खिडकीत काळे मोती हिऱ्यांच्या शेजारी मांडले गेले. १९७६ साली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाने हा रंग नैसर्गिक असल्याचा निर्वाळा दिला होताच. त्याची गरजही होती, कारण चांदीच्या क्षारांनी काळे केलेले मोती बाजारात असतात; छिद्राच्या तोंडाशी साचलेला रंग त्यांचं बिंग फोडतो.

आकारमानाबरोबर भाव सरळ रेषेत चढत नाही. ८-९ मिलिमीटरचे मोती मुबलक, १२च्या पुढे झपाट्याने विरळ. मुंबईच्या जुन्या मोतीबाजारात ‘चव’ नावाचं माप होतं, ते याच जाणिवेतून: मोत्याचं वजन दुप्पट झालं की चव चौपट. ताहितीच्या मोत्याला ते माप लावत नाहीत, पण त्यामागचा विचार इथेही खरा ठरतो. सराचं गणित त्याहून कठीण. एका सरात पाणी, रंग, झाक आणि घेर जुळवायला मोत्यांचे ढीगच्या ढीग चाळावे लागतात. त्या निवडीचे पैसे सराच्या किमतीत असतात आणि ते रास्तच आहेत.

ताहितीतल्या पापीतेच्या बाजारात प्रत अ ते ड अशी लावतात. अ म्हणजे उत्तम पाणी आणि जवळजवळ निर्दोष अंग. गोल, डाग नसलेला मोती महाग असणारच. पण खिसा बेताचा असेल तर मी गोलाईचा हट्ट सोडेन. अंगावर वळी पडलेले मोती गोल मोत्यांच्या मानाने स्वस्त मिळतात, आणि त्या वळ्यांमध्ये कित्येकदा हिरवा, तांबूस, जांभळा असे रंग एकाच मोत्यात उतरलेले असतात. तिथेही आधी खिडकीचं प्रतिबिंब बघायचं, मग रंग.