धबधब्याचं पाणी गोठवायचं की वाहू द्यायचं?

पावसाळा आला की माळशेज, ताम्हिणीच्या धबधब्यांनी सगळ्यांचे फोन भरतात. बहुतेक फोटोंत पाणी मात्र ना धड थांबलेलं, ना धड वाहतं. सगळा खेळ शटर स्पीडचा! १/१००० सेकंदाला उडणारा थेंब न् थेंब गोठतो, अर्ध्या सेकंदाला धारा एकमेकींत मिसळतात आणि १/६० ला काहीतरी अधलंमधलं हाती लागतं. मला स्वतःला १/४ आवडतो. धार मऊ होते, तरी पाण्याचा जोर दिसत राहतो. फार लांबवलं की नुसता कापूस.

पण भर दिवसा शटर इतका वेळ उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होणार. म्हणून आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११. ते एफ/२२ पर्यंत ओढू नका, विवर्तनामुळे बारकावे हरवतात. त्यापेक्षा ६ स्टॉपचा एनडी फिल्टर लावा. प्रकाश ६४ पटींनी घटतो, १/६० चा जवळपास १ सेकंद होतो. ट्रायपॉड हवाच. पोलरायझरने ओल्या कातळावरची चकाकी जाते, हिरवा रंग खुलतो.

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर फसतो, पांढऱ्याचं करडं करतो. एक्स्पोजर +१ करा.

रचनेचं म्हणाल तर धबधबा चौकटीच्या मधोमध ठोकण्याआधी एक-तृतीयांशावर सरकवून बघा. पुढ्यात एखादा शेवाळलेला दगड घ्या. उंची कळावी म्हणून छत्रीवाला माणूसही असू द्या, फक्त शटर बंद होईपर्यंत त्याला हलू नको म्हणावं!

आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडावं.